कचरापेटी उघडत नाही तेव्हा
जुन्या संगणकाचं दुसरं आयुष्य : भाग ९

गेल्या भागात दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपवर एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप बसवून झाला. पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी चुकून पुसलेलं वीजबिल परत घ्यायला जातं, डेस्कटॉपवरच्या कचरापेटीवर दोनदा क्लिक करतं आणि समोर कोरडा संदेश येतो : 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड'. लगेच निष्कर्ष निघतो, की लिनक्स असंच असतं.

लिनक्स असं नसतं. कचरापेटी बहुधा मोडलेलीही नसते. तिचा एखादा भाग हरवलेला असतो, आणि कोणता ते कळलं की दुरुस्ती पाच मिनिटांची.

संगणकाच्या पडद्यावर ही टोपली ॲपलच्या लिसा या संगणकाने १९८३ साली आणली. विंडोजवाल्यांना 'रिसायकल बिन' १९९५ मध्ये मिळाली. लिनक्सच्या घरात मात्र चुली वेगळ्या होत्या. नोम या डेस्कटॉपची पेटी एकीकडे, केडीई या डेस्कटॉपची दुसरीकडे. एकात टाकलेला कचरा दुसऱ्याला दिसत नसे. हॅव्हॉक पेनिंग्टन यांनी २००० साली सुरू केलेल्या फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या छत्राखाली पुढे कचऱ्याचेही सामायिक नियम ठरले. त्यांची १.० आवृत्ती २०१४ची.

नियम साधा आहे. प्रत्येकाच्या होम फोल्डरात 'लोकल' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं (नावाआधी टिंब असलं की लिनक्समध्ये ते लपतं, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं). त्याच्या आत 'शेअर', त्याच्या आत 'ट्रॅश'. ट्रॅशमध्ये दोन कप्पे : 'फाइल्स' आणि 'इन्फो'. पहिल्यात पुसलेली वस्तू, दुसऱ्यात तिची चिठ्ठी. चिठ्ठीत दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात, वस्तू मूळची कुठली आणि कधी टाकली. टपालखात्यातल्या परत आलेल्या पाकिटासारखंच हे. पत्ता वाचता आला तरच ते घरी पोचतं. म्हणून आधी चिठ्ठी लिहायची आणि मग वस्तू हलवायची, असा क्रमही नियमात घालून दिलेला आहे.

मराठी नावाची फाइल असेल तर ही चिठ्ठी पाहून दचकायला होतं. पत्ता सांकेतिक रूपात लिहिलेला असतो आणि देवनागरीतली प्रत्येक खूण नऊ चिन्हांची होते. 'वीजबिल' या नावात वेलांट्या धरून सहा खुणा. चिठ्ठीत त्याची ५४ चिन्हं होतात, टक्क्यांनी आणि आकड्यांनी भरलेली. फाइल खराब झालेली नसते. परत ठेवली की नाव जसंच्या तसं मराठीत येतं.

आता तो संदेश. फाइल पुसून पेटीत टाकण्याचं काम आणि पेटी उघडून दाखवण्याचं काम, ही दोन वेगळी माणसं करतात. टाकण्याचं काम जीलिब या पायाभूत संचात आहे, ते सहसा असतंच. दाखवण्याचं काम जीव्हीएफएस नावाची सेवा करते. हलकं लिनक्स हलकं होतं ते अशाच गोष्टी वगळून : पॅकेज बसवताना 'शिफारस केलेली' जोड-पॅकेजेस नकोत असा पर्याय निवडला, तर पीसीमॅनएफएम हा फाइल मॅनेजर येतो आणि जीव्हीएफएस मागे राहतं. परिणाम गमतीचा आहे. पेटी उघडत नाही, पण कचरा आत जातच राहतो आणि डिस्क हळूहळू भरते. उपाय एकच, सिनॅप्टिक या पॅकेज बसवण्याच्या साधनात जीव्हीएफएस शोधून बसवायचं, मग लॉग आउट करून पुन्हा आत यायचं. ही सेवा लॉग इनच्या सत्राबरोबर जोडली जात असल्याने तेवढी पायरी टाळू नये.

पीसीमॅनएफएम आणि एलएक्सडीई (२००६) यांचा कर्ता हाँग जेन यी हा तैवानचा, व्यवसायाने डॉक्टर. त्याच्या औषधाची मात्रा जपून असते, एवढंच म्हणता येईल.

आता दुसरा बिघाड : जीव्हीएफएस आहे, तरीही फाइल पेटीत जात नाही, उलट 'कायमची पुसू का?' असं विचारलं जातं किंवा परवानगी नसल्याचा संदेश येतो. इथे संशय मालकीवर घ्यावा. बऱ्याच घरांत घडणारा आणि उशिरा लक्षात येणारा बिघाड हा. कुणीतरी एखादी सिस्टिम फाइल बदलायला फाइल मॅनेजर 'सुडो' लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने उघडलेला असतो. त्या भरात काही पुसलं, तर ट्रॅश फोल्डर रूटच्या नावावर तयार होतं. घर तुमचं, पण माळ्याची किल्ली दुसऱ्याकडे. उबुंटू या लिनक्स-प्रकाराच्या १९.१० पूर्वीच्या आवृत्त्यांत सुडो वापरूनही होम फोल्डर वापरणाऱ्याचंच राहत असे, म्हणून जुन्या यंत्रांवर ही तक्रार फार.

खात्री करणं सोपं. ट्रॅश फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये मालकाचं नाव पाहावं. तिथे 'रूट' असेल तर चोर सापडला. जाणकार टर्मिनलमध्ये मालकी बदलणारी आज्ञा देतात (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, 'चेंज ओनर'चं लघुरूप). ती फक्त ट्रॅश फोल्डरापुरतीच द्यावी. पत्ता टाइप करताना एक जागा चुकीची सुटली आणि साऱ्या सिस्टिमची मालकी बदलली, तर पुन्हा भाग १ पासून सुरुवात करावी लागते. नवख्याने त्याऐवजी ट्रॅश फोल्डराचं नाव बदलून 'ट्रॅश-जुनं' करावं. शेअर फोल्डर स्वतःच्याच नावावर असेल तर एवढं करायला रूटचा अधिकार लागत नाही. मग एखादी बिनकामाची फाइल पुसावी. जागेवर पेटी नाही हे पाहून संगणक नवी, तुमच्या मालकीची पेटी आपोआप बनवतो.

पेनड्राइव्हचं प्रकरण निराळं. त्यावरची फाइल पुसली तर ती घरच्या पेटीत येत नाही. पेनड्राइव्हवरच 'ट्रॅश-१०००' नावाचं लपलेलं फोल्डर बनतं. १००० हा डेबियन-उबुंटूत पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक. सगळं पुसूनही पेनड्राइव्ह भरलेलाच दाखवतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. तो जोडलेला असतानाच कचरापेटी रिकामी करावी.

आणि पेटी नीट चालते, फक्त डेस्कटॉपवर चित्र नाही? मग डेस्कटॉपवर उजवी क्लिक, 'डेस्कटॉप प्रेफरन्सेस', तिथे कचरापेटी दाखवण्याचा चौकोन. त्यात बरोबरची खूण केली की झालं.

शिफ्ट दाबून डिलीट केलेली किंवा टर्मिनलमधल्या 'आरएम' या आज्ञेने पुसलेली फाइल मात्र कोणत्याही पेटीत सापडणार नाही. तिथे शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

नाव बदललेलं 'ट्रॅश-जुनं' लगेच फेकू नका. हरवलेलं वीजबिल त्याच्याच 'फाइल्स' कप्प्यात असू शकतं, आणि रूटच्या मालकीमुळे तो कप्पा उघडत नसेल तर मालकीची आज्ञा या जुन्या फोल्डरावर सावकाश, पत्ता दोनदा वाचून देता येते.

(पुढील आठवड्यात : टास्कबारवरून गायब झालेला आवाजाचा स्पीकर.)