फाटकाशी थांबलेली माणसं

जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिख सात वर्षांचा होण्याच्या सुमारास, १७८१ साली, त्याची आई गेली. पुढच्याच वर्षी एक बहीण. १७८७ मध्ये भाऊ बुडाला. बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या कास्पारला वाचवताना तो गेला, असं सांगतात. १७९१ मध्ये आणखी एक बहीण. बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डमधल्या या मुलानं पुढे जन्मभर थडगी, पडके मठ आणि निष्पर्ण ओक का काढले, याचा उलगडा बरेच जण एवढ्यावरच करून मोकळे होतात. मला तो अपुरा वाटतो. घरातले मृत्यू त्या काळी कोणाला चुकले होते? पण ते दुःख कागदावर कसं उतरवायचं, हे या माणसानं हातानं शोधून काढलं.

त्याचं नाव आधी झालं ते सेपियाचित्रांमुळे. म्हाकुलाच्या जातीतल्या समुद्री जिवाच्या शाईपासून हा तपकिरी रंग होतो. पेन्सिलीची बारीक रेघ, तिच्यावर पातळ रंगाचे हात, एक वाळला की दुसरा. धुकं, तिन्हीसांज, बर्फ, सगळं एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांतून उभं राहतं, आणि चंद्र म्हणजे तर रंग न लागलेला कोरा कागद. १८०५ साली वायमारमध्ये कवी गटेच्या पुढाकारानं होणाऱ्या स्पर्धेत फ्रीडरिखला अशाच चित्रांसाठी बक्षिसाचा वाटा मिळाला. त्याआधी त्यानं स्वतःच्याच दफनाचं सेपियाचित्रही केलं होतं. ते आता हरवलं आहे. उरलेल्या वर्णनांत फुलपाखरांचा उल्लेख येतो.

ग्राइफ्सवाल्डजवळचा एल्डेनाचा मठ ११९९ साली सिस्टर्शियन साधूंनी स्थापला. धर्मसुधारणेच्या काळात तो बंद पडला, स्वीडिश अमलात त्याच्या विटा तटबंदीसाठी गेल्या. उंच खिडकीची जी भिंत उरली, ती फ्रीडरिखनं जागेवर बसून पुन्हा पुन्हा रेखाटली. या रेखाटनांत दुःख कुठेच नाही, आहे ती काटेकोर नजर. मग १८०९-१० मध्ये तीच भिंत त्यानं ‘ओकच्या राईतला मठ’ या तैलचित्रात बर्फात नेली आणि तिच्या दारातून शवपेटी नेणारे साधू दाखवले. खऱ्या मठात अडीच शतकांहून अधिक काळ साधू उरलेच नव्हते! प्रशियाच्या राजानं हे चित्र विकत घेतलं.

भिंत एकीकडची, प्रसंग मनातला, ही रीत तशी जुनी. सतराव्या शतकातल्या याकोब फान राउस्डालनं आम्स्टरडॅमजवळची ज्यू दफनभूमी अशीच रंगवली, आणि गटेनं त्या चित्रावर लिहिलंही. फ्रीडरिख राहायचा त्या ड्रेस्डेनलाच ते होतं. पण राउस्डाल आकाशात इंद्रधनुष्य काढतो. फ्रीडरिख असला दिलासा देत नाही.

१८२५ च्या सुमाराचं त्याचं ‘दफनभूमीचं प्रवेशद्वार’ मला सर्वांत जवळचं वाटतं. प्रचंड दगडी खांबांचं फाटक, आणि खांबाला टेकून आत डोकावणारं जोडपं. मूल पुरलं आहे ते आत. आईबापांना पाऊल पुढे टाकवत नाही. हे चित्र फ्रीडरिखनं अपुरंच ठेवलं.

१८३५ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. तैलरंग जवळजवळ सुटले, उरला तो सेपिया. पैशांची ओढाताण सुरू झाली. रशियन कवी झुकोव्स्कीनं मदत केली. या काळातल्या एका सेपियाचित्रात कबर आहे, शवपेटी आहे आणि घुबड आहे, माणूस मात्र नाही. आडोशाला खांब नसल्यामुळे बघणाऱ्याला थेट कबरीपाशीच उभं राहावं लागतं. १८४० साली गेलेल्या या चित्रकाराच्या उतारवयातली ही चित्रं थकलेल्या हाताची म्हणून बाजूला ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.