घाटाला बोल लावू नका, आधी वाटी उघडा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, पण बोट लागते. 2023 च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पूर आला, तेव्हा हे पुन्हा कळलं. पुराच्या कामाची बोट बहुधा रबरी असते आणि तिच्या मागच्या फळीला आउटबोर्ड मोटार अडकवलेली असते. बचावपथकं या मोटारीला ‘ओबीएम’ म्हणतात. ओले एव्हिनरूडने 1909 साली अमेरिकेत जी मोटार विकायला काढली, तिच्याच कुळातली ही.

किनाऱ्यावरचं इंजिन रोज चालून झिजतं, आपल्याकडचं उभं राहून बिघडतं. कार्बुरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल सुकतं, चिकटा धरतं. मग पावसाळ्याच्या तोंडावर इंजिन खोलायचं, रिंग-पिस्टन बदलायचे, नवं पॅकिंग बसवायचं. इतकं करून दोरी ओढली की ते सुरू होतं खरं, पण काळा धूर ओकतं. स्लोवर गुदमरतं, रेस दिली की अडखळतं. प्लग काढावा तर काजळीने माखलेला. पेट्रोल जास्त, हवा कमी. गॅरेजच्या भाषेत मिक्स्चर रिच.

कार्बुरेटरचं काम पेट्रोल मोजून देण्याचं. मूळ कल्पना जुनी आहे. विल्हेल्म मायबाखचा फवाऱ्याचा कार्बुरेटर 1893 चा. इंजिन हवा ओढतं. ती अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर खेचलं जातं. वाटीतली पातळी फ्लोट राखतो. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो, टोकदार निडल सीटवर बसते, आवक थांबते. ही पातळी थोडी जरी वर राहिली तरी प्रत्येक ओढीला पेट्रोल जादा जातं.

धूर दिसला की पहिला आरोप होतो तो घाटावर. इंजिन समुद्रसपाटीचं, बुलढाणा शहर सुमारे 650 मीटर उंचीवर. राजूर घाट चढला की हवा विरळ, म्हणून ते पेट्रोल जास्त खातं. यात तथ्य आहे, पण थोडं. एवढ्या उंचीवर हवा साधारण 6 टक्क्यांनी विरळ होते आणि मिश्रणात फरक पडतो त्याच्या निम्मा, म्हणजे 3 टक्के. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हाने आणखी तेवढाच. उलट पंपावरच्या आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर ते इंजिनाला सुमारे 8 टक्के कमीच पडतं. घाट, ऊन आणि इथेनॉल यांची बेरीज-वजाबाकी केली तर आपलं इंजिन किंचित लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालायला हवं. तरीही ते काळं ओकत असेल, तर दोष हवेत नाही. आपल्या हातांनी बसवलेल्या भागांत आहे.

दुसरी चूक स्क्रूची. गावातल्या मिस्त्रींचा हात दुचाकीवर बसलेला असतो. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बुरेटर गेला, तरी रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांमुळे ही विद्या टिकून आहे. पण दुचाकीच्या अनेक कार्बुरेटरांत स्लोचं मिक्स्चर लावायचा स्क्रू हवेचा असतो, आत फिरवला की मिक्स्चर रिच होतं. पुष्कळ आउटबोर्डमध्ये स्लोची सुई पेट्रोलची असते, आत फिरवली की लीन. सवयीने बाहेर काढलेला अर्धा आटा दुखणं वाढवतो. त्यात हा स्क्रू फक्त स्लोपुरता. पुऱ्या रेसवरचा धूर त्याने जात नाही.

म्हणून पाना लावण्याआधी प्लग वाचायचे. नव्या रिंगांसाठी सुरुवातीला टू-स्ट्रोकमध्ये ऑइल बरेचदा दुप्पट घालतात. त्याचा धूर निळसर-पांढरा आणि प्लग तेलकट. ती तक्रार नव्हे. कोरडी मखमली काजळी मात्र पेट्रोलची. सगळे प्लग काळे असतील तर सर्वांना सामाईक असलेली गोष्ट तपासायची: चोकची पट्टी पूर्ण उघडते का, थर्मोस्टॅट उघडाच अडकून इंजिन थंड तर राहत नाही ना. एकच प्लग काळा असेल तर त्याच सिलिंडरचा कार्बुरेटर उतरवायचा.

आता वाटी. इंजिन बंद ठेवून टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा. तो पुन्हा मऊ पडला किंवा गळ्यातून पेट्रोल ठिबकलं, तर बहुधा निडल गळतेय. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सुटा करतं, त्याचा एक कण सीटवर बसला तरी पुरे; जुनं रबरी टोकही त्याने फुगतं. फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो जड होऊन बुडतोय. मग कार्बुरेटर उलटा धरून फ्लोटची उंची मॅन्युअलमधल्या मापाशी ताडा आणि लागेल तेवढीच जिभली वाकवा. नव्या पॅकिंगने हवेचं एखादं भोक झाकलंय का, तेही इथेच दिसतं. जेटमध्ये तार घालू नये. भोक मोठं झालं की ते जेट बादच.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी एकच सिलिंडर काळं, तर पेट्रोल पंप उघडा. आउटबोर्डचा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल कार्बुरेटरला वळसा घालून थेट क्रँककेसमध्ये उतरतं. मग कार्बुरेटर कितीही धुवा, काही उपयोग नाही. पंप सोडवून फुगा दाबला की ठोक्याच्या भोकातून पेट्रोल येतं आणि निकाल लागतो.

शेवटची परीक्षा पिंपात होत नाही. पिंपात इंजिनावर पुरतं ओझं येत नाही, स्वतःचाच धूर ते परत ओढतं आणि उगाच रिच वाटतं. कोरडं तर चालवूच नये, पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. बोट पाण्यात उतरवावी, माणसांचं वजन चढवावं, पुऱ्या रेसवर पळवावी आणि तिथेच इंजिन बंद करून प्लग पाहावा. तपकिरी रंग आला की फ्लोटची उंची, जेटचा नंबर आणि सुईचे आटे लिहून तो कागद इंजिनाच्या टोपणात चिकटवावा. पुराच्या रात्री दोरी ओढणारा माणूस बहुधा वेगळाच असतो.