जुन्या पेठेतला ओटा

अमरावतीचा दगडी परकोट निजामाच्या राजवटीत, 19व्या शतकाच्या आरंभी, पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून बांधला गेला. त्याच्या आतल्या पेठेत, तसेच अकोल्याच्या जुन्या शहरात, ‘खाली दुकान, वर घर’ ही बांधणी रूढ होती. सागवानी खांब, उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या माती-विटांच्या जाड भिंती, दुकानाला दाराऐवजी फळ्या. आणि पुढे रस्त्यापेक्षा उंच ओटा.

या घरांच्या नक्षीचे लोक कौतुक करतात. आम्हीही करतो, त्यात सुताराचे आणि विटा वाहणाऱ्या मजुराचे श्रम आहेत. पण आमची नजर ओट्यावर थांबते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तो उंच, हे खरे. त्याच उंचीने माणसेही वेगळी केली. आमच्या आज्या-पणज्यांनी खाली उभे राहून पैसे ठेवले आणि वरून टाकलेला माल पदरात झेलला.

13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवी मंदिर प्रवेशाचा होता. पुढे 1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या 15व्या कलमात विहिरी-तलावांबरोबर दुकानांचाही स्पष्ट उल्लेख आला. ओट्याची पायरी कायद्याने सर्वांना खुली झाली.

आता ही घरे पडत आहेत. बंधू-भगिनींनो, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कोणत्या दुकानापुढे कुठे उभे राहावे लागे? मुलांकडून ते वहीत लिहून घ्या. नक्षीचे फोटो पुष्कळ निघतील. ओट्याखालचा इतिहास आपणच लिहायचा आहे.