रेंडर मध्येच बंद पडतोय? आधी जागा लिहून ठेवा

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांचा व्हिडिओ टाइमलाइनवर मस्त चालतो, पण एक्सपोर्ट दाबलं की काही मिनिटांत सॉफ्टवेअरच गायब होतं. उद्या लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय, पार्टीचे फोन सुरू झालेत, उरलेले पैसे डिलिव्हरीवर मिळणार आहेत, आणि रात्री दोन वाजता समोर नुसता डेस्कटॉप! अशा वेळी बरेच जण सॉफ्टवेअर काढून परत टाकतात. त्यात तास जातो आणि रेंडर पुन्हा पडतोच.

आधी हे बघू, की प्रीव्ह्यू चालतो तर रेंडर का पडतो? एडिट करताना आपण बऱ्याचदा अर्ध्या रिझोल्यूशनवर किंवा हलक्या प्रॉक्सी फाइलवर काम करत असतो. मशीनला झेपलं नाही तर मधल्या फ्रेम गाळल्या जातात. रेंडरमध्ये ही सवलत नसते. तिथे प्रत्येक फ्रेम पूर्ण आकारात तयार करावी लागते. फोर-के ची एक फ्रेम म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल. साध्या ८ बिटमध्ये ती मेमरीत साधारण ३३ एमबी घेते. इफेक्टसाठी ३२ बिटमध्ये हिशेब सुरू झाला की तीच फ्रेम १३३ एमबीच्या आसपास जाते. त्यावर चार लेअर आणि नॉइज रिडक्शन टाका, म्हणजे ४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डाचा दम का निघतो ते कळेल.

म्हणून मला कुणी विचारलं, की मी पहिला प्रश्न एकच करतो: रेंडर दर वेळी एकाच ठिकाणी पडतो, की वेगवेगळ्या? सेटिंग न बदलता दोनदा लावा आणि थांबल्याची जागा लिहून ठेवा. पुढचा सगळा तपास यावर ठरतो.

एकाच ठिकाणी पडत असेल, तर गडबड बहुतेक टाइमलाइनवरच आहे. खराब झालेली क्लिप, एखादा प्लगइन, टायटलचा फॉन्ट किंवा अवाढव्य फोटो. शोधायला अर्धं-अर्धं करा. १६ मिनिटांचा व्हिडिओ असेल तर इन-आउट लावून फक्त पहिली ८ मिनिटं रेंडर करा. गेला नीट? मग दोष दुसऱ्या अर्ध्यात. मग ४, मग २, मग १. चार फेऱ्यांत तुम्ही एका मिनिटापर्यंत पोहोचता. तिथले इफेक्ट एकेक करून बंद करत जा.

फोनवर शूट केलेल्या क्लिपवर जरा जास्त संशय घ्या. फोन बऱ्याचदा फ्रेम रेट कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो आणि काही सॉफ्टवेअर त्यावर अडखळतात. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात क्लिप 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' करून घ्या आणि मूळ क्लिपच्या जागी ती लावा.

अजून एक गंमत. फाइल दर वेळी ४ जीबीच्या जवळ येऊन थांबते का? मग तुम्ही रेंडर करताय तो पेनड्राइव्ह बघा. तो फॅट-३२ असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावतच नाही. ५० एमबीपीएस बिटरेटला १० मिनिटांचा व्हिडिओच ३.७५ जीबी होतो! आधी कॉम्प्युटरच्या डिस्कवर रेंडर करा, मग एक्सफॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, हे मात्र विसरू नका.

वेगवेगळ्या ठिकाणी पडत असेल, तर संशय मशीनवर. लॅपटॉप गादीवर ठेवला असेल तर उचला, खालून हवा जाऊ द्या. टास्क मॅनेजर उघडून मेमरी किती भरते ते बघा, ब्राउझर बंद करा. कॅशे ज्या डिस्कवर आहे तिथे जागा आहे ना, तेही तपासा.

आणि ग्राफिक्स ड्रायव्हर! ग्राफिक्स कार्डाने साधारण २ सेकंद उत्तर दिलं नाही, तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं आणि त्यात एडिटिंग सॉफ्टवेअर झोपू शकतं. तपासायला एन्कोडिंग 'हार्डवेअर'वरून 'सॉफ्टवेअर' करा, आणि सोय असेल तर इफेक्टचं काम ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर द्या. वेळ बराच लागेल, पण रेंडर पूर्ण झाला तर दोष कुठे आहे ते कळलं. मग ड्रायव्हर नव्याने टाका. एनव्हिडिया कार्ड असेल तर गेमिंगचा नको, 'स्टुडिओ' ड्रायव्हर घ्या.

आणि आज रात्रीच द्यायचंय? मग कारण उद्या शोधा. प्रोजेक्टची कॉपी सेव्ह करा आणि ५-५ मिनिटांचे तुकडे प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये काढा. या फाइल मोठ्या होतात, तेवढी जागा ठेवा. नंतर नव्या टाइमलाइनवर तुकडे जोडून शेवटची फाइल काढा. एखादा तुकडा पडला तर फक्त तेवढाच परत करायचा, पूर्ण व्हिडिओ नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू!