बर्फ बाहेर, धोका घरात

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयर्स येथे ९ जुलै २००७ रोजी बर्फ पडला. त्या दिवशी तेथील स्वातंत्र्यदिन होता. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. पण या शहराचा हिवाळा सौम्य. तेथे याआधी असा बर्फ पडला होता १९१८ साली! ८९ वर्षांनी आलेला हा पाहुणा पाहायला लोक आनंदाने रस्त्यावर आले.

डॉक्टर म्हणून मला मात्र अशा वेळी घरात बसलेल्यांची काळजी वाटते. जिथे थंडी नेहमीचीच, तिथे जाड भिंती, दुहेरी काचा, उबदार कपडे तयार असतात. सौम्य हवेच्या प्रदेशात ही तयारी कमी. म्हणूनच युरोपात हिवाळ्यातील मृत्यूंची वाढ फिनलंडपेक्षा पोर्तुगालमध्ये जास्त आढळली आहे.

थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले तर बोलणे अडखळते, गुंगी येते. वृद्ध आणि तान्ही बाळे यांना हा धोका अधिक.

दुसरा धोका ऊब मिळवण्याच्या उपायातच आहे. अर्जेंटिनात दर हिवाळ्यात कोळशाच्या शेगड्या आणि बिघडलेले गॅस हीटर यांमुळे लोक दगावतात. बंद खोलीत कोळसा किंवा गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. माणसाला वाटते, सर्दी-तापाची सुरुवात असेल. झोपेत असेल तर तो उठतच नाही.

वाचकहो, बर्फ आपल्याकडे पडत नाही, पण थंडीच्या रात्री दार लावून शेगडी पेटवणारी घरे आहेत. बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही हाच वायू सोडतो. म्हणून माझे सांगणे एवढेच:

१) झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर ठेवा. निखारे विझल्यासारखे दिसले तरी वायू निघतच असतो.

२) गॅस गिझर न्हाणीघराबाहेर बसवा, हवा खेळती ठेवा.

३) घरातल्या सर्वांचेच डोके एकाच वेळी दुखू लागले तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत न्या आणि १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णालयात प्राणवायू देणे हाच मुख्य उपचार आहे.

४) कोरोनाच्या काळात घेतलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा नॉर्मल दाखवू शकतो.

५) ऊब हवी म्हणून दारू घेऊ नका. अंग गरम वाटते, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते.

एकावर एक दोन-तीन कपडे, कानटोपी, पायमोजे आणि गरम पेज. थंडीला एवढे पुरते.