एकाच भावकीतली तेलं

सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं घट्ट दाबा आणि दांडा आठ-दहा वेळा जोरात मारा. नळी खालच्या बाजूला चांगलीच गरम लागते. काडी ओढली नाही, ठिणगी पडली नाही. नुसती हवा दाबली आणि ती तापली. डिझेल इंजिनाचं सगळं गुपित त्या गरम नळीत आहे. तिथे हवा मूळच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शात कोंबली जाते, पाचशे अंशांच्या वर तापते आणि केसाहून जेमतेम जाड भोकांतून आलेला तेलाचा फवारा तिच्यात आपसूक पेट घेतो. स्पार्क प्लग लागतच नाही.

आणि असं इंजिन तेलाची जात फारशी विचारत नाही! १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचं एक लहान इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. ते इतकं सुरळीत चाललं, की बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांनाच हे कळलं.

डिझेल तेलाच्या भावकीतलं सर्वांत जवळचं भावंड अमेरिकेच्या ईशान्येकडच्या घरांत, तळघरातल्या टाकीत असतं. हिवाळ्यात घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीचं हे तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच. फरक मुख्यतः कराचा. गाडीच्या डिझेलवर रस्त्यासाठीचा कर बसतो, घर तापवणाऱ्या तेलावर नाही. म्हणून त्यात लाल रंग घालतात. लिटरमागे काही मिलिग्रॅम रंग, पण ट्रकच्या टाकीतून काढलेल्या नमुन्यात तो उतरला, की गॅलनमागे १० डॉलर किंवा एकूण १००० डॉलर, यांतला जो मोठा असेल तो दंड. दुसरा फरक पूर्वी गंधकाचा होता. जुन्या भट्टीला जास्त गंधक चालायचं. आजच्या गाडीच्या धुराड्यातली शुद्धीकरण यंत्रणा त्यानं निकामी होते. भारतात १ एप्रिल २०२० पासून डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत फक्त १० भाग चालतं.

आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं असायचं, ते याच कारणानं. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं तर ओळखू यावं म्हणून. गाडी त्यावरही चालते, पण डिझेल हे इंजिनाच्या इंधनपंपाचं वंगणसुद्धा आहे; रॉकेल पातळ आणि कोरडं, त्यामुळे पंप झिजतो. या भेसळीच्या धंद्यात पैसा किती होता, हे महाराष्ट्रानं २५ जानेवारी २०११ ला पाहिलं. मनमाडजवळ भेसळीला हटकणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळलं गेलं. निळ्या रंगामागे किती मोल दडलं होतं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

वनस्पती तेलाची अडचण उलटी. ते डिझेलच्या दहापट दाट असतं. फवारा बारीक होत नाही, अर्धवट जळतं, इंजिनात काजळी साचते. यावरची युक्ती मला रसायनशास्त्रातली सर्वांत सुंदर वाटते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका काठीला लोंबणाऱ्या तीन लांब शेपट्या. थोडा कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल घालून तापवलं, की शेपट्या काठीवरून सुटतात आणि प्रत्येकीला मिथेनॉलचा तुकडा चिकटतो. ढवळणं थांबवा. तळाला जाड, तपकिरी ग्लिसरीन बसतं आणि वर सोनेरी, पातळ बायोडिझेल तरंगतं. गावोगावच्या करंजाच्या बियांच्या तेलाचंही हे होतं, आणि भजी तळून काळ्या पडलेल्या तेलाचंही.

थंडीत मात्र सगळ्यांचीच परीक्षा होते. डिझेलमधलं मेण गोठून ते खिरीसारखं होतं. म्हणून लडाखसाठी २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल आणलं. बायोडिझेल त्याहून आधी गोठतं, त्यामुळे तिथे त्याचं काम नाही. आपल्या हवेत ते डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं तर गाडीला कळतही नाही.

देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची मोहीम हाती घेतली आहे. तेव्हा दिवाळीचा फराळ झाला, की कढईतलं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. गाळून बाटलीत भरा आणि तुमच्या गावात ते गोळा करणारं कोणी असेल तर त्यांच्याकडे द्या.