शेतावरच्या वर्कशॉपसाठी जुना लेथ घ्यावा का?

गरवा कांदा पोसण्याच्या ऐन दिवसांत विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट गेला, तर पीक थांबत नाही. शाफ्ट सोडवायचा, चाकण किंवा भोसरीला न्यायचा, टर्नरकडे नंबर लावायचा आणि परत आणून बसवायचा, यात दोन दिवस सहज मोडतात. म्हणून खेड, मावळ, हवेली भागातील शेतकरी बंधू हल्ली विचारतात, "वेल्डिंग मशीन घरी आहे, मुलगा आयटीआय झाला आहे, मग एखादा जुना लेथ घेऊन टाकावा का?"

प्रश्न रास्त आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली एमआयडीसी आली आणि पुढे भोसरी, चिंचवडपासून चाकणपर्यंत सुटे भाग करणारे लहान कारखाने वाढले. त्यांतील अनेकांनी आता सीएनसी यंत्रे बसवली आहेत. त्यामुळे हाताने चालवायचे जुने लेथ या पट्ट्यात विक्रीला येत असतात. परंतु वस्तू स्वस्त मिळते म्हणून घेणे वेगळे आणि तिला वर्षभर काम आहे म्हणून घेणे वेगळे.

आधी कामे मोजावीत

मागील दोन हंगामांतील दुरुस्त्यांची यादी करावी. पंपाचा शाफ्ट व बुश, पुलीचे छिद्र मोठे करणे, ट्रॉलीच्या हबमधील बेअरिंगची जागा, नांगराच्या पिना ही लेथची कामे. तुटलेला फाळ जोडणे, पट्टी कापणे, भोक पाडणे ही लेथची कामे नव्हेत. त्यांना वेल्डिंग सेट, ड्रिल मशीन आणि ग्राइंडर पुरतात. दोन दिवसांचा खोळंबा एवढीच अडचण असेल, तर पंपाचा एक तयार शाफ्ट, बुश आणि बेअरिंग घरात ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हिशेब असा मांडावा

समजण्यासाठी काही आकडे धरू. लेथची किंमत १,२०,००० रुपये. वाहतूक, पाया व वायरिंग ३०,००० रुपये. चक, टूल, मायक्रोमीटर आदी साहित्य ३०,००० रुपये. एकूण गुंतवणूक १,८०,००० रुपये. त्यावर १० टक्के दराने वर्षाचे व्याज १८,००० रुपये. दहा वर्षांनी लेथ ६०,००० रुपयांना गेला असे धरल्यास वार्षिक घसारा १२,००० रुपये. वीज, तेल व दुरुस्ती ६,००० रुपये. म्हणजे यंत्र नुसते सांभाळायला वर्षाला ३६,००० रुपये लागतात. बाहेर एका कामाला सरासरी ४०० रुपये पडत असतील, तर वर्षाला ९० कामे झाली तरच बरोबरी होते. यात स्वतःची मजुरी धरलेली नाही. घरची कामे वर्षाला दहा-पंधरा असतील, तर लेथ परवडत नाही. सहा-सात शेजाऱ्यांची कामे खात्रीने मिळणार असतील, तरच पुढचा विचार करावा. आपल्या गावचे दर घालून हा हिशेब पुन्हा करावा.

तपासणी कशी करावी

बैल घेताना दात पाहतात, तसा लेथ घेताना बेड पाहावा. नवा रंग पाहून भुलू नये. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे किंवा बंगळूरच्या एचएमटीचे लेथ नावाजलेले आहेत. परंतु झीज नावाकडे पाहत नाही. शिवाय म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना बंद झालेला असल्याने गिअर मोडल्यास जुन्या बाजारात शोधावा किंवा बनवून घ्यावा लागतो. सोबत जाणता टर्नर न्यावा आणि यंत्र चालू करूनच पाहावे.

१. बेड: झीज चकजवळ सर्वांत जास्त होते. सॅडल चकजवळ आणून त्याचा लॉक किंचित आवळावा आणि हाताने टेलस्टॉककडे सरकवावा. तिकडे तो घट्ट होऊन अडला, तर चकजवळचा बेड खाल्लेला आहे असे समजावे.

२. स्पिंडल: अर्धा तास लेथ चालवून हेडस्टॉकला हात लावून पाहावा. हात टिकत नसेल किंवा घरघर येत असेल, तर बेअरिंग अथवा तेलपुरवठा सदोष आहे.

३. कापून पाहणे: साधारण ४० मिमी जाडीची सळई चकमध्ये धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, १०० मिमी लांबीवर हलका काप घ्यावा. दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजावीत. फरक ०.०५ मिमी असेल, तर २५ मिमी रुंदीच्या बेअरिंगच्या जागेवर तो सव्वा शतांश मिमी एवढाच येतो. शेतीच्या बहुतेक कामांना एवढे चालते. फरक याच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर सौदा सोडावा.

४. आटे: एक आटा पाडून पाहावा. चेंज गिअरचा पूर्ण संच आहे का, दात तुटले आहेत का, हे मोजून घ्यावे.

वीज आणि जागा

अशा लेथला बहुधा थ्री फेज मोटार असते. शेतीपंपाच्या जोडणीवर तो चालवू नये. मंजूर कारणाबाहेर वीज वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो. वेगळी जोडणी घ्यावी. लेथचे वजन टनाच्या घरात असू शकते, म्हणून काँक्रीटचा पाया करून पाणपातळीने तो समतल बसवावा. क्रेनने उचलताना दोर लीड स्क्रूला बांधू नये. तो वाकला की आटे बिघडतात.

व्यवहार

पक्के बिल घ्यावे आणि यंत्रावर बँकेचे कर्ज नाही, असे लिहून घ्यावे. विक्रेत्याचा कायमचा पत्ता पाहावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महानगरपालिकेने शेड पाडल्यावर तेथील भंगाराचे व लहान उद्योगांचे अनेक गाळे उठले, हे ध्यानात ठेवावे.

सुरक्षितता

लेथ थ्रेशरइतकाच निष्ठुर आहे. उपरणे, सैल बाही, हातमोजे आणि अंगठी यांसह त्याच्याजवळ जाऊ नये. केस बांधावेत, डोळ्यांना चष्मा लावावा. चकची चावी क्षणभरही चकमध्ये ठेवू नये. लोखंडाचा कीस हाताने ओढू नये. लहान मुलांना शेडमध्ये येऊ देऊ नये.

थोडक्यात, वर्षभराचे काम, चालवणारा शिकलेला हात आणि न झिजलेला बेड या तीनही गोष्टी असतील, तर जुना लेथ घरच्या मुलाला गावातच रोजगार देऊ शकेल. यांतील एक जरी नसेल, तर ते पैसे ठिबक संचाला किंवा विहिरीच्या खोलीकरणाला लावावेत आणि शाफ्ट चाकणलाच न्यावा.